अक्का, लग्न करू या का?

"अक्का, आपण लग्न करू या का?"

हे वाक्य धुळ्याच्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात, शब्दकोशांच्या कपाटासमोर, दुपारच्या चहाच्या वेळी बोललं गेलं. बोलणारे प्रेमराज देवरे सर, मराठीचे प्राध्यापक, वय चोपन्न, अविवाहित. ऐकणारी ग्रंथपाल सुलक्षणा फिरके, वय एक्कावन्न, तीही अविवाहित. खानदेशात आजवर पुष्कळ लग्नं जमली, मोडली, पळून जाऊनही झाली. पण 'अक्का' आणि 'लग्न करू या' हे दोन्ही एकाच वाक्यात बसवायची छाती कुणाची झाली नसेल. तशी सरांचीही झाली नव्हती. आपण काय बोललो हे त्यांच्या लक्षातच आलं नव्हतं.

सुलक्षणाच्या मात्र आलं. ती पुस्तकाच्या पाठीवर क्रमांकाची चिठ्ठी चिकटवत होती, ती तशीच बोटाला चिकटून राहिली. हसावं की रडावं हे तिला कळेना. अखेर ती म्हणाली, "सर, काय म्हणालात ते पुन्हा एकदा म्हणा. सावकाश."

"म्हटलं, अक्का, आपण…" इथवर सर आले आणि थांबले. त्यांचे कान लाल झाले. "अरेच्चा," ते म्हणाले.

यात सरांचा दोष तरी काय! सावद्याच्या फिरक्यांच्या घरात सुलक्षणा थोरली. पाठचा ज्ञानेश्वर बोलायला लागला तो 'अक्का' म्हणत, आणि त्याचं घरात एवढं कौतुक झालं की बापही तिला अक्का म्हणायला लागला, आईही. मग शेजारपाजार, मग केळीचे घड ट्रकमध्ये भरणारे मजूर, मग शाळेतल्या बाईसुद्धा. धुळ्याला नोकरी लागली तेव्हा तिला वाटलं, नवं गाव, नवी माणसं, आता तरी कुणी नावाने हाक मारील. तर पहिल्याच आठवड्यात ज्ञानेश्वर तिची विसरलेली छत्री द्यायला आला आणि ग्रंथालयाच्या दारातून "अक्काऽ" म्हणून असा काही ओरडला की खेळ खलास. शिपायापासून प्राचार्यांपर्यंत बठ्ठ्या, म्हणजे सगळ्या कॉलेजची ती अक्का झाली. प्राचार्य तिच्याहून सात वर्षांनी मोठे होते, पण म्हणून काय झालं!

अक्का झालं की माणसाचं एक बरं असतं, मान मिळतो. कुणाचं भांडण सोडवायचं असो, कुणाच्या मुलीला स्थळ बघायचं असो, लोक अक्काकडे येतात. पण अक्काला काय हवंय, हे कुणी विचारत नाही. भावंडांची लग्नं होईतो तिने आपलं पुढे ढकललं, आणि ती झाल्यावर तिचं राहिलंय हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. सुलक्षणा हे नाव पगाराच्या कागदावर आणि आधार कार्डावर तेवढं उरलं. याचं तिला वाईट वाटे. रोज नाही, पण अधूनमधून फार.

आणि देवरे सर? गाव सोनगीर, म्हातारी आई तिथेच, हे धुळ्यात खोली घेऊन. तरुणपणी मुली बघायला जात. तिथे मुलीला स्वयंपाक येतो का हे विचारायचं सोडून तिच्या नावाची व्युत्पत्ती सांगत बसत. एका मुलीचं नाव कसं अपभ्रष्ट आहे हे त्यांनी तिच्या बापाला पटवून दिलं होतं. एवढं झाल्यावर लग्न कुठून व्हायचं? पुढे स्थळं येईनाशी झाली आणि सरांना ते बरंच वाटलं. दुपारी ग्रंथालयात यायचं, चहा घ्यायचा आणि आज कुठला शब्द कुठून आला ते अक्काला सांगायचं, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा नेम. ती ऐके. नुसती मान डोलवत नसे, उलट प्रश्न विचारी. ज्या दिवशी सर येत नसत त्या दिवशी चहा बेचव लागतो हे तिने कधीच ओळखलं होतं. फक्त ते सांगायचं कुणाला?

म्हणून तिने आढेवेढे घेतले नाहीत. बोटावरची चिठ्ठी काढून टेबलाला चिकटवली आणि म्हणाली, "मला चालेल. पण आईंना विचारा. त्यांनी मनापासून हो म्हटल्याशिवाय नाही."

रविवारी सर सोनगीरला गेले आणि सोमवारी परत आले ते बारा वाजलेल्या तोंडाने.

"काय झालं?"

"जात विचारली नाही, पत्रिका विचारली नाही. वय सांगितलं तर म्हणाली, तू काय लहान शे का. मला वाटलं, जमलं! तेवढ्यात तिने विचारलं, कोण ती? म्हटलं, आमच्या कॉलेजातली अक्का. झालं. हातातली मेथीची जुडी खाली ठेवली आणि म्हणाली…" इथे सरांनी आईचा आवाज काढला, "'बहीन करी लिधी तू तिले. आते बायको कशी करशी? मी त्या मांडवमा येवाव नही.'"

सुलक्षणाने हे ऐकलं आणि हातातलं पुस्तक बाजूला ठेवलं. हसण्यावारी न्यावं असं हे नव्हतं. म्हातारीचं चुकलं, असंही तिला म्हणवेना. कॉलेजात, गल्लीत, पार सावद्यापर्यंत लोक हेच म्हणणार. खुद्द ज्ञानेश्वरने फोनवर तेच विचारलं, "अक्का, ते सर तुले अक्काच म्हणतात ना? मग?"

"आई म्हणते ते म्हणू दे. आपण कोर्टात जाऊन सही करू," सर म्हणाले.

"नाही," ती म्हणाली. "सर, जन्मभर मी दुसऱ्यांची मनं राखली. आता स्वतःच्या मनासारखं एक करतेय, तर ते एका म्हातारीला रडवून नाही करणार. मला तुमचं घर हवंय आणि त्या घरात त्याही हव्यात." एवढं स्पष्ट ती आयुष्यात प्रथमच बोलली होती. बोलून झाल्यावर तिचं तिलाच नवल वाटलं.

सर शब्दांचे माणूस. अडचण शब्दाची आहे ना, मग शब्दच सोडवू, असं त्यांनी ठरवलं. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी 'अक्का'चा असा पिच्छा पुरवला की पोलिसांनी चोराचा पुरवू नये.

"बहीण हा अर्थ मुळात आपला नाहीच," ते पहिल्या दिवशी विजयी मुद्रेने आले. "शब्द आला दक्षिणेतून. कानडी, तेलुगू, तमिळ."

"तिकडे अर्थ काय?"

"थोरली बहीण."

"आणि खाली सिंहलीत?"

"थोरली बहीण," सर पडलेल्या आवाजात म्हणाले.

दुसऱ्या दिवशी संस्कृत. पाणिनीनेसुद्धा या शब्दाची दखल घेतली आहे, हाक मारताना शेवटचा स्वर ऱ्हस्व होतो, 'हे अक्क!' सर रंगात आले होते. सुलक्षणाने मध्येच विचारलं, "अर्थ?"

"तो… आई असा आहे."

"सर, बहिणीवरून आईवर आलो आपण. पुढे जाऊ नका."

पण सर कसले ऐकतात! रोमच्या जुन्या कथेत अक्का नावाची बाई सापडली. तिने दोन टाकून दिलेली पोरं वाढवली होती, म्हणजे पुन्हा आईच. भूमध्य समुद्राच्या काठी अक्का नावाचं जुनं बंदर निघालं. "गावाशी लग्न करायला आईंची हरकत नसावी," सुलक्षणा म्हणाली. जपानीत अक्का म्हणजे परिस्थिती बिघडत जाणं, हे कळलं तेव्हा मात्र ती टेबलावर डोकं टेकून हसली. "हा अर्थ बरोबर आहे. आपलं तसंच चाललंय."

सरांचा एक जुना विद्यार्थी अखिल फिनलंडला नोकरीला होता. त्याला सरांनी फोन लावला आणि सुलक्षणाला ऐकू यावं म्हणून आवाज मोठा केला. अखिल म्हणाला, "सर, इथे अक्का म्हणजे म्हातारी. तेही जरा तुसडेपणाने. रस्त्यात कुणाला म्हणू नका." सरांचा चेहरा उतरला. "पण," अखिल पुढे म्हणाला, "नवरेमंडळी आपसात बोलताना बायकोलाही म्हणतात. आमची अक्का घरी वाट बघतेय, असं." सर खुर्चीवरून उठलेच. आणखी उत्तरेला, बर्फातल्या सामी लोकांत तर देवींच्या नावांत हा शब्द आहे, असंही अखिलने सांगितलं.

खरा खजिना मिळाला तो उझबेक भाषेत. तिथे 'अका' म्हणजे थोरला भाऊ, आणि बायका नवऱ्याच्या नावापुढेही आदराने तेच लावतात! "बघा, तिथे भाऊ म्हणतात आणि संसारही करतात! आईला हेच सांगतो," सर म्हणाले.

हसून हसून सुलक्षणाच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते दिवस तिला फार आवडत होते. उभ्या जगातले लोक आपल्याला काय काय म्हणतात हे सांगत एक माणूस रोज धावत येतो, हे सुख काही थोडं नव्हतं. पण तिला हेही दिसत होतं की जगभर हिंडून सर जिथे होते तिथेच आहेत. अजून तिला हाक मारताना ते 'अक्का'च म्हणत. आणि सोनगीरच्या म्हातारीला उझबेकिस्तानाचं काय कौतुक!

"या रविवारी मी येते," ती म्हणाली. "नुसती बोलायला नाही, स्वयंपाकाला."

थंडीचे दिवस होते. ज्ञानेश्वरने सावद्याहून भरताची हिरवी वांगी पाठवली होती. ती पिशवीत घेऊन दोघं एसटीने सोनगीरला उतरले. किल्ल्याच्या पायथ्याला तांबट आळीत ठोके चालू होते, त्या आवाजातून वाट काढत घरी पोचले. सरांची आई भागाबाई ओट्यावर तुरी निवडत बसली होती. अंगाने काटकुळी, नजरेने खमकी. तिने सुलक्षणाला पायापासून डोक्यापर्यंत बघितलं, मग पिशवीतल्या वांग्यांकडे बघितलं, आणि वांग्यांवर खूश झाली.

"वांगा चांगला शेत," ती म्हणाली. माणसाबद्दल काही बोलली नाही.

अंगणात तुराट्या पेटवल्या. सुलक्षणा वांगी उलटीपालटी करत होती, म्हातारी ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरी थापत होती. दोघींच्या हातांचं लगेच जमलं; मिरच्या किती, लसूण किती हे एकीने दुसरीला विचारावं लागलं नाही. सुलक्षणाला वाटलं, या बाईजवळ मी जन्म काढीन. आणि ही नाही म्हणाली तर हे सगळं इथेच सोडून जावं लागेल, या विचारात तिचं एक वांगं थोडं जास्तच भाजलं.

जेवणं झाली. सर घसा खाकरून उभे राहिले. वर्गात उभे राहत तसेच. त्यांनी दक्षिणेपासून सुरुवात केली, आईचा अर्थ शहाणपणाने गाळला, फिनलंडच्या नवऱ्यांवरून उझबेकिस्तानात पोचले आणि म्हणाले, "म्हणून, आई, या शब्दाने कुणी बहीण होत नाही, हे जगभर सिद्ध झालेलं आहे."

भागाबाईने सगळं ऐकून घेतलं. हात पुसले. मग म्हणाली, "तू काय बडबड करी ऱ्हायना रे?"

"अक्का या शब्दाबद्दल, आई."

"शब्दले काय शे? मी एसटीना कंडक्टरले भाऊ म्हनस, भाजीवालाले भाऊ म्हनस. ते बठ्ठा मना माहेरना शेत का? तोंडना शब्द तोंडमा ऱ्हास. भाऊ तो, ज्याना हातले राखी बांधी." ती सुलक्षणाकडे वळली. आवाज नरम होता, पण नजर सुटत नव्हती. "इतला वर्सं एक जागे नोकरी. तू बठ्ठास्नी अक्का. खरं सांग व माय. याले राखी बांधी ना तू?"

सुलक्षणाला एकदम उमगलं. म्हातारी पहिल्या दिवसापासून हेच विचारत होती. 'बहीन करी लिधी' म्हणजे हे. आणि हा शहाणा माणूस शब्दकोश घेऊन पृथ्वीप्रदक्षिणा करत होता!

"कॉलेजात दर राखीला मी ताट घेऊन स्टाफरूममध्ये जाते," ती म्हणाली. "प्राचार्यांना बांधते, शिपायांना बांधते, वॉचमनला बांधते. सगळ्यांना."

भागाबाईने मान हलवली. तिच्या प्रश्नाचं उत्तर मिळालं होतं, पण ते तिला नको होतं असं तिच्या तोंडावर दिसत होतं.

"देवरे सरांना नाही बांधली," सुलक्षणा म्हणाली. "एकदाही नाही. त्या दिवशी सर रजेवर असतात."

"रजा?" म्हातारीच्या भुवया वर गेल्या. "कसानी रजा? दर राखीले हाऊ आठे येस आनि गोधडी लिसन पडी ऱ्हास! पोट दुखस म्हने! मी ओवा दी दी थकी गयी. मी म्हनू, याले बहीन नही, म्हनीसन या दिनले याले वाईट वाटत व्हई." ती मुलाकडे वळली. "कारे? काय दुखे तुनं?"

चोपन्न वर्षांचे देवरे सर शाळेतल्या पोरासारखे जमिनीकडे बघत उभे होते. "पोट नव्हतं दुखत," ते पुटपुटले. "मला भीती वाटायची. अक्काने सगळ्यांसमोर ताट पुढे केलं तर नाही कसं म्हणायचं? आणि हो म्हटलं तर मग… मग संपलंच ना."

वर्षानुवर्षं हा माणूस सुलक्षणाच्या एका दोऱ्याला भिऊन बसने पळून जात होता, आणि दुसऱ्या दिवशी येऊन निमूटपणे चहा पीत होता. तिला त्याचा राग आला, कीव आली आणि इतकं प्रेम दाटून आलं की आता लाजायला तिला सवड नव्हती.

"सर, तुम्ही रजा फुकट घालवल्या," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"दर वर्षी मी राख्या आणते त्या स्टाफची नावं आठवून आणते. त्यात तुमचं नाव कधी धरलंच नाही. तुम्ही समोर बसला असता तरी तुमच्या वाट्याची राखी ताटात नव्हती. पहिल्या वर्षापासून नव्हती."

जगातल्या प्रत्येक शब्दाला उत्तर देणारे देवरे सर तुरीच्या ढिगाशेजारी मटकन खाली बसले. भागाबाईने एकदा याच्याकडे पाहिलं, एकदा तिच्याकडे, आणि तिला जे हसू फुटलं ते थांबेचना. शेजारीण कुंपणावरून डोकावली, तिला भागाबाई हात हलवत "काही नही, काही नही" म्हणाली आणि पुन्हा हसली.

"दोन्ही येडा शेत," ती डोळे पुसत म्हणाली. "हाई आधी का नही सांगं रे? बठ्ठं जग इचारी उना, मायले इचारं नही!" मग ती उठली, देव्हाऱ्यातला कुंकवाचा करंडा घेऊन आली, सुलक्षणासमोर बसली आणि बोट कुंकवात बुडवून थांबली. "तुनं नाव काय शे व माय?"

"मला सगळे अक्काच…"

"ते मले मालूम शे. मी नाव इचारस." बोट तसंच हवेत ठेवून तिने मुलाकडे मान वळवली. "तू ले तिनं नाव. तुले बायको करनी शे ना? मंग तूच ले. त्याबिगर मी कुंकू लावाव नही."

सर उठून उभे राहिले. तोंड उघडलं. "अक्…" आणि मिटलं. पुन्हा उघडलं. घाम फुटला. सुलक्षणाने मदत करायची नाही असं ठरवलं आणि तुराट्यांच्या राखेकडे बघत राहिली. शेजारीण अजून कुंपणाशीच होती. बाहेर तांबट आळीतला एक हातोडा थांबला, दुसरा सुरू झाला.

"सुलक्षणा," सर म्हणाले. मोठ्याने, स्पष्ट, पार कुंपणापलीकडे ऐकू जाईल असं.

आणि सुलक्षणाने चटकन मागे वळून दाराकडे पाहिलं, कुणाला हाक मारली म्हणून.

दारात कुणी नव्हतं.

"आठे देख, पोरी," भागाबाई हसत हसत म्हणाली आणि तिची हनुवटी धरून तिने चेहरा आपल्याकडे वळवला. "तुलेच हाक मारी ऱ्हायना तो."